बटण कोणाच्या बोटाखाली? गिरणीच्या भोंग्यापासून गोदामातल्या पुश-टू-टॉकपर्यंत

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारा एक मुलगा मुलुंडजवळच्या एका गोदामात रात्रपाळी करतो. कंत्राटी आहे, ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस. एकदा तो म्हणाला, "आम्हाला आता बोलायला मशीन दिलंय. मोबाईलसारखंच आहे, बाजूला बटण आहे. दाबून धरलं की आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं." आम्ही विचारले, "मग तू दिवसभर काय बोलतोस?" तो हसला. म्हणाला, "ओके सर. कॉपी सर. आलो सर."

वर्गातली सगळी पोरे हसली. मग त्याने पुढचे सांगितले. एका रात्री त्याच्या जोडीदाराचा पाय मालाच्या ट्रॉलीखाली आला. याने बटण दाबले. मशीनमधून फक्त एक जाड 'टूं' आवाज आला, कारण त्याच वेळी सुपरवायझर कुठल्या तरी उशिरा भरलेल्या गाडीवरून सगळ्यांना झापत होता. पुन्हा दाबले, पुन्हा 'टूं'. शेवटी मशीन खिशात टाकून तो धावत गेला आणि घसा फोडून ओरडला. तेव्हा लोक जमले.

त्या दिवसापासून हा 'टूं' आमच्या डोक्यात बसला आहे. तो यंत्राचा बिघाड नव्हता. यंत्राला जसे सांगितले होते तसेच ते वागले होते. म्हणून या यंत्राचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे. अंधेरीच्या साकीनाका-मरोळपासून बोरिवली, घाटकोपर, मुलुंडपर्यंत आणि पुढे भिवंडीच्या गोदामांपर्यंत आज आपल्या वस्त्यांमधली शेकडो पोरे-पोरी हेच मशीन कमरेला लावून काम करत आहेत.

आधी मशीन काय करते ते पाहू. पुश-टू-टॉक म्हणजे दाबा आणि बोला. फोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात, इथे तसे नाही. इथे एका वेळी एकच बोलणार आणि बाकीचे सगळे ऐकणार. बटण दाबले की तुमचे मशीन कंपनीच्या सर्व्हरकडे बोलण्याची परवानगी मागते. जागा मोकळी असेल तर परवानगी मिळते, नसेल तर 'टूं'. तंत्रज्ञांच्या भाषेत या व्यवस्थेला 'फ्लोअर कंट्रोल' म्हणतात. फ्लोअर म्हणजे सभागृहात बोलण्याचा हक्क. कोणाला हा हक्क आधी मिळेल, कोण कोणाचे बोलणे मध्येच तोडू शकेल, हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरवून ठेवता येते. सुपरवायझरला वरचा क्रमांक दिला की तो कधीही मध्ये घुसू शकतो. पिकर, पॅकर आणि लोडर त्याला तोडू शकत नाहीत.

सभागृहात बोलण्याचा हक्क! मित्रांनो, ज्या समाजाच्या पहिल्या मोठ्या पाक्षिकाचे नावच 'मूकनायक' होते, त्या समाजाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. आमची माणसे जन्मतः मुकी नव्हती. बोलण्याची जागा त्यांना नाकारली होती, म्हणून ती मुकी ठरली होती.

आता मुंबईच्या कामगाराकडे या. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षे या शहरात मालकाचा आवाज म्हणजे भोंगा. भोंगा वाजला की उठायचे, भोंगा वाजला की आत जायचे. भोंग्याला उत्तर देता येत नाही. आत गेल्यावर मुकादमाचा म्हणजे जॉबरचा आवाज. तोच भरती करणार, तोच काढणार, अनेकदा तोच व्याजाने पैसेही देणार. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालानेही जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवले आणि भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा असे सुचवले.

पण आपल्या माणसांसाठी गिरणीत आणखी एक कुलूप होते, आणि ते तोंडालाच लावलेले होते. साचेखात्यात म्हणजे विणकामात मजुरी चांगली मिळे. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराचे तोंड ज्या धोट्याला लागले त्याला सवर्ण कामगार तोंड कसे लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या कताई खात्यात राहिली. मालक एकच, शोषण एकच, भोंगा एकच, तरीही तोंड वेगळे! १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे ठेवला: सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना तो प्रश्न तेव्हा गैरसोयीचा वाटला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

हे सांगण्याचे कारण असे की कामाच्या जागी तोंडाचा वापर कोण, कशासाठी आणि कोणाच्या परवानगीने करतो, हा आपल्यासाठी नवा प्रश्न नाही. तंत्र नवे आहे, प्रश्न जुना आहे.

मग कामगाराचा स्वतःचा आवाज कुठे होता? तो गेटवर होता. आपल्या उपनगरांचा इतिहास आठवा. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड कारखान्यांची रांग होती: विक्रोळीचे गोदरेज, कांजूरमार्गचे क्रॉम्प्टन, भांडुपचे एशियन पेंट्स, मुलुंडचे जॉन्सन अँड जॉन्सन. पश्चिमेला कांदिवलीचे महिंद्र, अंधेरीची मरोळ एमआयडीसी, १९७३ नंतर सीप्झ. पाळी सुटली की हजारो माणसे एकाच दारातून बाहेर पडत आणि तिथे गेट मीटिंग होई. स्टुलावर उभे राहून बोलणारा कोणीही असो, त्याला मध्येच तोडायला 'टूं' नव्हता. घाटकोपरमध्ये दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत आधी तिथल्या दगडखाणीच्या मजुरांचे प्रश्न घेऊन उभे राहिले आणि पुढे कामगार पुढारी झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाचे यशापयश हा वेगळा विषय आहे, आणि जातीच्या प्रश्नावर त्या चळवळीशी आमचे मतभेद आजही आहेत. पण मोबाईल नसताना अडीच लाख माणसे एकत्र आली ती गेटवरच्या, चाळीतल्या आणि नाक्यावरच्या आवाजाने, हे विसरता येणार नाही.

गोदामांतही असेच होते. माथाडी कामगार टोळीने काम करत, एका हाकेवर गोणी उचलत. ती हाक टोळीची होती, शेठची नव्हती. त्यांनी संघटना बांधली आणि १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. त्या कायद्याने कामगाराची नोंद एका मालकाच्या मर्जीवर न ठेवता मंडळाकडे ठेवली, मजुरी मंडळामार्फत आणि भविष्य निर्वाह निधीसकट. गोदामातल्या ओझे वाहणाऱ्या माणसाला महाराष्ट्राने दिलेला हा हक्क देशात आदर्श मानला गेला. आज त्याच कामाला 'लोडर' हे नाव देऊन ठेकेदारामार्फत भरती होते, आणि आपल्या बहुतेक पोरांना माथाडी कायदा नावाची गोष्ट आहे हेही माहीत नसते.

आता दुसऱ्या बाजूने या, म्हणजे यंत्राच्या बाजूने. दाबून बोलायचे यंत्र कारखान्यात जन्मले नाही, ते युद्धाने वाढवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी मोटोरोलाने १९४० मध्ये हातात धरायचा रेडिओ आणि १९४३ च्या सुमारास पाठीवर बांधायचा वॉकी-टॉकी बनवला. सैन्यात हुकूम वरून खाली येतो आणि खालून वर फक्त 'समजले' जाते. युद्धानंतर हे यंत्र पोलिसांकडे, रेल्वेकडे, विमानतळांकडे आणि मोठ्या कंपन्यांच्या सुरक्षारक्षकांकडे आले. भारतात वायरलेस वापरायला १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांखाली परवाना लागे, त्यामुळे सामान्य माणसाच्या हातात ते आलेच नाही.

आमच्या पिढीने वॉकी-टॉकी पहिल्यांदा पाहिला तो पोलिसांच्या हातात, आमच्याच वस्तीत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली. हुकूम कोणी दिला, कशासाठी दिला, हे ठरवायला चौकशी आयोग बसला, मग कोर्ट, आणि सत्र न्यायालयाच्या निकालाला २००९ उजाडले. त्यातून आम्ही एक धडा घेतला: हुकूम देणाऱ्याच्या बोलण्याची नोंद कोणाकडे राहते, हा तांत्रिक प्रश्न नसतो. न्याय मिळणार की नाही, हे त्यावर ठरते.

पुढे मोबाईल आला. अमेरिकेत नेक्स्टेल कंपनीने नव्वदच्या दशकात मोटोरोलाच्या तंत्रावर बटण दाबून बोलायचा फोन बाजारात आणला आणि बांधकाम, ट्रक, गोदाम या धंद्यांत तो चालला. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि रेडिओची गरजच उरली नाही. बारकोड वाचणाऱ्या हँडसेटमध्येच पुश-टू-टॉकचे सॉफ्टवेअर बसू लागले. स्कॅनर बनवणाऱ्या झेब्रासारख्या कंपन्या ते विकतात. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आपल्या टीम्स ॲपमध्ये वॉकी-टॉकी आणत असल्याचे जाहीर केले, ते दुकान, गोदाम आणि इस्पितळातल्या आघाडीवरच्या कामगारांसाठी. जाहिरातीत नेहमी हसणारा कामगार असतो आणि खाली लिहिलेले असते की आता प्रत्येकाचा आवाज पोहोचेल. पोहोचतो कुठे, हे लिहिलेले नसते.

याच्याच शेजारचे दुसरे यंत्र म्हणजे आवाजावर चालणारी माल-निवड. १९८७ मध्ये पिट्सबर्गला सुरू झालेली व्होकोलेक्ट ही त्यातली जुनी कंपनी. कामगाराच्या कानात यंत्र सांगते: अमुक रांग, अमुक कप्पा, इतके नग. कामगाराने कप्प्यावरचे आकडे वाचून दाखवायचे, मग पुढचा हुकूम. यातल्या अनेक यंत्रांना आधी कामगाराच्या उच्चारांची सवय लावावी लागते, म्हणजे त्याच्या आवाजाचा नमुना साठवला जातो. आठ तास माणूस बोलत असतो, आणि त्या आठ तासांत त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य नसते.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राला विरोध करताय. अजिबात नाही. आम्ही चरख्याकडे परत जा म्हणणाऱ्यांच्या परंपरेतले नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना हेच मांडले की दोष यंत्राचा नसतो, यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा असतो. उलट यंत्रामुळेच श्रमिकाला फुरसत आणि संस्कृती मिळू शकते. पुश-टू-टॉकलाही हेच लागू आहे. फोर्कलिफ्ट मागे येत असेल, रॅक कलत असेल, रात्री एकटी मुलगी तळघरात माल मोजत असेल, तर एका बटणाने चाळीस जणांना सावध करता येणे ही फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली ती त्यांच्या संमतीच्या आणि संरक्षणाच्या अटीवर. हे मशीन त्या संरक्षणाचा भाग होऊ शकते.

पण आज ते काय आहे? आमच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितले की तिच्या गोदामात शौचालयाला जायचे तरी चॅनेलवर विचारावे लागते, आणि ते सगळ्या पुरुषांना ऐकू जाते. दुसऱ्याने सांगितले की मशीनच्या पडद्यावर प्रत्येकाचे पूर्ण नाव दिसते. पहिल्या आठवड्यातच एकाने आडनाव वाचून विचारले, "तुम्ही कोणापैकी?" गिरणीत पितळी बिल्ला होता, बिल्ल्यावर नंबर होता. गेटवर बिल्ला दाखवताना निदान आडनाव सांगावे लागत नसे. आजच्या मशीनने ते सगळ्यांच्या हातात दिले.

आणि कायदा काय म्हणतो? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. पण त्याचे कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कामगाराचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरता येतो. आणि माझी काय माहिती तुमच्याकडे आहे असे विचारण्याचा कलम ११ चा हक्क मिळतो तो, ज्या संस्थेला आपण संमती दिली तिच्याकडे! म्हणजे मालकाने संमती मागितलीच नाही, तर कामगाराने विचारायचेही नाही. चॅनेलवर बोललेले आपले वाक्य उद्या मेमोमध्ये पुरावा म्हणून येईल, पण त्या रात्री दोनदा वाजलेला 'टूं' आपल्याला पुरावा म्हणून मिळणार नाही.

इथे बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाची आठवण करणे भाग आहे. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती आपण सगळे सांगतो. पण १९४३ मध्ये त्यांनी आणलेले ट्रेड युनियन दुरुस्ती विधेयक आपण कमी सांगतो. त्यात मालकाने प्रातिनिधिक युनियनला मान्यता दिलीच पाहिजे अशी सक्ती होती. मान्यता म्हणजे काय? तू बोललास तर मला ऐकावेच लागेल, हा कायदा. त्याआधी १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाने संपाचा हक्क आवळला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांना बरोबर घेऊन ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप केला. आज २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कोणत्याही उद्योगात संपाला आधी नोटीस हवी, आणि अनेक युनियन असतील तर वाटाघाटीचा हक्क एकटीने मिळवायला ५१ टक्के कामगार दाखवायला हवेत. जिथे पाळ्या तासातासाने बदलतात, माणसे तीन ठेकेदारांत वाटलेली आहेत आणि एकत्र बाहेर पडायला गेटच नाही, तिथे ५१ टक्के एकमेकांना भेटणार कुठे?

त्यासाठीच हे बटण महत्त्वाचे आहे. गेट गेले आणि त्याच्या जागी चॅनेल आले. फरक इतकाच की गेटबाहेरचा रस्ता सार्वजनिक होता, चॅनेल कंपनीच्या मालकीचे आहे. जगात हेच तंत्र लोकांनी आपल्या हातात घेऊन दाखवले आहे. झेलो नावाचे साधे ॲप २०१४ मध्ये व्हेनेझुएलातल्या आंदोलकांनी इतके वापरले की सरकारी टेलिफोन कंपनीने ते बंद पाडले. रशियात टोलविरोधात उभ्या राहिलेल्या ट्रकचालकांनी ते वापरले, तिथेही २०१७ मध्ये त्यावर बंदी आली. बटण तेच. कामगाराच्या स्वतःच्या फोनवर आल्यावर सत्तेला त्याची भीती वाटली.

म्हणून गोदामात काम करणाऱ्या आपल्या पोरांपुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. पहिली: धोक्याच्या बटणाचा क्रमांक सुपरवायझरच्याही वर हवा. हे सॉफ्टवेअरमध्ये करता येते, पैसाही लागत नाही, म्हणून न करण्याला सबब नाही. दुसरी: आवाज साठवला जातो का, किती दिवस, कोण ऐकतो, हे मराठी आणि हिंदीत लिहून फलकावर लावा, आणि शिक्षेसाठी वापराल त्या प्रत्येक रेकॉर्डची नक्कल कामगाराला द्या. तिसरी: जेवण आणि शौचालयाची सुट्टी चॅनेलवर मागायला लावू नका. त्या वेळेत मशीन जागेवर ठेवण्याची मुभा हवी. चौथी: पडद्यावर आडनाव नको, नंबर पुरे.

आणि पाचवी गोष्ट मालकाकडे मागायची नाही, आपण करायची. कंपनीच्या मशीनवर संघटनेचे एक अक्षर बोलू नका. आपले चॅनेल आपल्या फोनवर असू द्या, आणि महिन्यातून एकदा तरी विहारात, समाजमंदिरात, समोरासमोर बसा. माथाडी कायदा वाचा. आपल्या पाळीत कोण कोणत्या ठेकेदाराचा आहे याची यादी करा. मुलुंडच्या त्या मुलाने सुरुवात केली आहे. त्याच्या यादीत सध्या अकरा नावे आहेत, आणि पाय ट्रॉलीखाली आलेला जोडीदार त्यात पहिला आहे.

जय भीम!